कॉलेजबाहेरून ई-जर्नल्स उघडण्याची सोय : आम्ही काय केलं आणि कुठे अडलो

वारसिया_रिंगरोड

नमस्कार मंडळी,

बडोद्यातल्या एका अनुदानित कॉलेजच्या लायब्ररीत मी अकरा वर्षं नोकरीला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण खाली आमच्या चुकाही सांगायच्या आहेत.

गेल्या मे महिन्यात एका रविवारी रजिस्टर आणायला म्हणून कॉलेजात गेले. लायब्ररीला कुलूप. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली एम.ए.ची एक मुलगी भिंतीला टेकून बसलेली. मांडीवर फोन, शेजारी पाण्याची बाटली आणि डबा. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, वायफाय इथपर्यंत येतं. गेटबाहेर गेलं की जर्नल पैसे मागतं." मुलगी छोटा उदेपूरची. सुट्टीत घरी गेली होती, शोधनिबंधासाठी चार लेख हवे होते म्हणून सकाळच्या एस.टी.ने जवळजवळ शंभर किलोमीटर आली. दोन लेख उतरले होते आणि तिसऱ्याला सिग्नल तुटत होता. कुलूप काढून तिला आत बसवलं, पंखा लावला, चारही लेख पेन ड्राइव्हवर घालून दिले. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. वर्गणी आपण बारा महिन्यांची भरतो, आणि जिला सगळ्यात जास्त गरज तिला ती पत्र्याखाली बसून वापरावी लागते.

त्या दिवसापासून आठ महिने हेच काम चाललं. दिवाळीनंतर सोय सुरू झाली. आमच्यासारख्या लहान लायब्ररीत कुणी याच वाटेला लागलं असेल तर आमचा अनुभव कामी येईल, म्हणून सविस्तर लिहिते.

बाहेरून का उघडत नाही ते आधी सांगते, कारण आमच्या प्राध्यापकांनाही हे नीट माहीत नव्हतं. प्रकाशकाची वेबसाइट माणसाला ओळखत नाही, ती इंटरनेटवरचा पत्ता ओळखते. वर्गणी घेताना आपण एक फॉर्म भरतो, त्यात कॉलेजचे आयपी पत्ते लिहून देतो. त्या पत्त्यावरून कुणीही आलं, अगदी पाहुणा आला, तरी दार उघडतं. त्याच कॉलेजचे प्राचार्य घरच्या ब्रॉडबँडवरून आले तर त्यांच्याकडे डॉलर मागतं.

पहिला धक्का इथेच बसला. जुनी फाइल काढली तर एका डेटाबेसच्या फॉर्मवर पत्ता लिहिलेला, १९२.१६८ने सुरू होणारा. हा तर कॉलेजच्या आतला खासगी पत्ता! देशातल्या लाखो घरांच्या राउटरमध्ये हाच असतो, बाहेरच्या जगाला तो दिसतसुद्धा नाही. म्हणजे तो डेटाबेस कॉलेजच्या आतही कधी उघडलाच नव्हता. दोन वर्षं सगळे समजत होते की साइट बंद आहे. त्यात मीही होते. ज्यांच्याकडे लायब्ररी आहे त्यांनी आज एवढं एक काम करा : लायब्ररीच्या पीसीवरून 'माझा आयपी काय' असं शोधा आणि आलेला आकडा प्रत्येक प्रकाशकाच्या फॉर्मशी पडताळा.

मग मार्ग कुठला घ्यायचा यावर तीन बैठका झाल्या. व्हीपीएनचा विचार सोडला. प्रत्येक मुलाच्या फोनवर अ‍ॅप बसवायचं, त्याचं सगळं इंटरनेट कॉलेजच्या लाइनमधून फिरवायचं, आणि वर कॉलेजचं आतलं नेटवर्क त्याच्यासाठी उघडायचं. आमच्याकडे ते सांभाळायला माणूस नाही. फेडरेशनचा रस्ता चांगला वाटला. त्यात मुलगा प्रकाशकाच्या साइटवर जाऊन 'संस्थेमार्फत लॉगिन' निवडतो, साइट त्याला आपल्या संस्थेच्या लॉगिन पानावर पाठवते, आपण 'हो, हा आमचा आहे' एवढंच कळवतो आणि पासवर्ड प्रकाशकाकडे जातच नाही. गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या लायब्रऱ्यांसाठीची सरकारी संस्था, तिचं इन्फेड याच पद्धतीने चालतं, त्याच्या मुळाशी शिबोलेथ नावाची प्रणाली आहे. एन-लिस्टचे, म्हणजे कॉलेजांसाठीच्या इन्फ्लिबनेटच्याच ई-साहित्य योजनेचे, लॉगिन आमच्याकडे आधीपासून होतेच, ते तर घरूनही चालतात. पण आम्ही स्वतंत्र वर्गणी भरतो त्या तीन साइटींपैकी दोघींकडे फेडरेशनची सोय नव्हती. त्यांच्यासाठी प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने पान आणून देणारा मधला सर्व्हर, लागणारच होता. शेवटी ईझीप्रॉक्सी नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याची दरवर्षी फी भरावी लागते, तेवढी संस्थेने मंजूर केली.

ईझीप्रॉक्सीची कल्पना समजायला सोपी आहे. मुलगा आपल्या सर्व्हरवर लॉगिन करतो, सर्व्हर त्याच्या वतीने प्रकाशकाकडे जाऊन पान आणतो, आणि पानातल्या सगळ्या लिंका बदलून मुलाला देतो, म्हणजे पुढची प्रत्येक टिचकीही आपल्याच सर्व्हरवरून जाते. प्रकाशकाला कॉलेजचाच पत्ता दिसतो. लिंक बदलताना प्रकाशकाच्या नावाच्या शेवटी आपल्या सर्व्हरचं नाव चिकटतं. यासाठी कॉलेजच्या डोमेनमध्ये, म्हणजे वेबपत्त्यात, वाइल्डकार्ड नोंद लागते (आधी कुठलंही नाव जोडलं तरी आपल्याच सर्व्हरकडे आणणारी), आणि साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारं सर्टिफिकेटही वाइल्डकार्डच. ते सर्टिफिकेट नावातल्या एकाच टिंबाच्या पायरीपर्यंत चालतं, म्हणून मूळ नावातल्या टिंबांच्या जागी आडव्या रेघा येतात. पत्त्याच्या पट्टीत असं लांबलचक नाव दिसलं की मुलं घाबरतात, "मॅडम, ही साइट खोटी आहे का?" घाबरणाऱ्या मुलांचं मी कौतुकच करते आणि आपल्या कॉलेजचं नाव शेवटी कसं असायला हवं ते दाखवते.

खरं डोकं खाल्लं ते 'आमचे कोण' या यादीने. सॉफ्टवेअर दोन आठवड्यांत बसलं, संगणक विभागाच्या एका सरांनी संध्याकाळी थांबून बसवून दिलं. यादीला चार महिने लागले. ऑफिसच्या एक्सेलमध्ये एकाच मुलीचं नाव तीन तऱ्हेने : आधी आडनाव, आधी नाव, मध्ये वडिलांचं नाव. नाव रद्द करून गेलेली मुलं यादीत तशीच. बाहेरून आलेल्या पीएच.डी.वाल्यांचा पत्ताच नाही. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक पगारपत्रकात नव्हते म्हणून यादीतही नव्हते, आणि सगळ्यात जास्त वाचणारे तेच! शेवटी नावांचा नाद सोडून एनरोलमेंट नंबर धरला आणि लॉगिन कॉलेजच्या मेल खात्याला जोडलं. ऑफिसने 'पासवर्ड म्हणून जन्मतारीख ठेवा' असं सुचवलं होतं, मी ऐकलं नाही. वर्गातल्या प्रत्येकाला प्रत्येकाची जन्मतारीख ठाऊक असते.

आता माझे प्रश्न. पास होऊन गेलेल्या मुलांची खाती तुम्ही कधी बंद करता? माजी विद्यार्थ्यांना द्यायचं की नाही? आणि मोबाइलवर पीडीएफ उघडताना पुन्हा लॉगिन मागतं, त्यावर कुणाला उपाय सापडला आहे का?

---

प्रतापगंज_वाचक

ताई, लेख वाचून खूप बरं वाटलं. मी इतिहासात पीएच.डी. करते. दिवसा हंसा मेहता लायब्ररीत बसते आणि रात्री घरी. रात्रीच्या वाचनाची अडचण तुम्ही बरोब्बर पकडलीत.

वापरणाऱ्याच्या बाजूने एक सांगू? मुलं लायब्ररीच्या पानावरून जातच नाहीत. गूगल स्कॉलरमध्ये शोधतात, पहिल्या लिंकवर टिचकी मारतात, थेट प्रकाशकाकडे पोचतात, आणि तिथे पैसे मागितले की म्हणतात, आपल्या लायब्ररीत हे नाही. असलेली वस्तू नाही समजून सोडून देतात. मी स्वतः एक वर्ष असंच केलं. माझ्या विषयाचं एक महत्त्वाचं जर्नल आम्हाला मिळतं हे मला गाइडनी सांगितल्यावर कळलं.

---

वारसिया_रिंगरोड

@प्रतापगंज_वाचक, अगदी खरं. आम्ही याला दोन उपाय केले. प्रॉक्सीचा उपसर्ग असलेली एक बुकमार्क बनवली. प्रकाशकाच्या पानावर असताना ती दाबली की तेच पान आपल्या लॉगिनमधून पुन्हा उघडतं. वर्गात जाऊन पाच-पाच जणांच्या फोनवर हाताने बसवून दिली, कारण सूचना फलकावर लावून कुणी करत नाही. दुसरं, झोटेरो हे संदर्भ जमवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना सांगितलं की एकदा प्रॉक्सीतून लेख उघडला की झोटेरो तो प्रॉक्सी ओळखून लक्षात ठेवतं.

याच्याशी जोडलेलीच एक गोष्ट, तळमळीने सांगते. संदर्भसूचीत पत्त्याच्या पट्टीतली लिंक चिकटवू नका. आमच्याकडे एका शोधनिबंधात पानभर संदर्भ होते आणि प्रत्येकात आमच्या सर्व्हरचं नाव! बाहेरच्या परीक्षकाने टिचकी मारली की त्याला आमचं लॉगिन पान. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, द्या, तो कुणालाही चालतो.

---

पलासिया_नेटवर्क

इंदूरहून. एका इंजिनिअरिंग कॉलेजचं नेटवर्क सांभाळतो. ताई, काम पक्कं केलंत. माझ्या बाजूच्या दोन-तीन गोष्टी जोडतो, कारण लायब्ररीवाल्यांना या कुणी सांगत नाही आणि मग रात्री फोन येतात.

आमच्याकडे एकदा अजब तक्रार आली. एकाच वाचनालयात खिडकीकडच्या पीसीवर जर्नल उघडतं, दाराकडच्या पीसीवर नाही. ग्रंथपालबाई बिचाऱ्या दाराकडचे पीसी बदलून द्या म्हणत होत्या. झालं असं होतं की कॉलेजने इंटरनेटच्या जुन्या लीज लाइनसोबत दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली होती आणि राउटर भार दोन्हीकडे वाटत होता. जो पीसी नव्या लाइनने बाहेर पडायचा त्याचा पत्ता प्रकाशकाला अनोळखी. मी लायब्ररीचा आणि प्रॉक्सी सर्व्हरचा रस्ता एकाच स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपीच्या लाइनवर बांधून टाकला, आणि बॅकअप लाइनचा पत्ताही सगळ्या प्रकाशकांना कळवून ठेवला. लाइन बदलायची ठरली तर नेटवर्कवाल्याने ग्रंथपालाला महिनाभर आधी सांगायला हवं. प्रकाशक नवा पत्ता चढवायला दिवस घेतात.

दुसरी गोष्ट घड्याळाची. फेडरेशनचं लॉगिन वेळेवर चालतं. आपल्या सर्व्हरचं घड्याळ काही मिनिटं मागे-पुढे गेलं की समोरचा सर्व्हर म्हणतो, ही चिठ्ठी शिळी आहे, किंवा अजून जन्मायची आहे, आणि नाकारतो. चुकीबद्दलचा जो संदेश येतो त्यात घड्याळाचं नावही नसतं. मी दोन दिवस सर्टिफिकेटं तपासत बसलो होतो. सर्व्हरला एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ जुळवून ठेवणारी सोय, लावा आणि ते चालू आहे ना ते अधूनमधून बघा.

तिसरी, सर्टिफिकेटची मुदत. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, वाइल्डकार्डही मिळतं, पण त्यासाठी डोमेनमध्ये नोंद करून सिद्ध करावं लागतं, आणि नव्वद दिवसांत ते संपतं. हाताने नूतनीकरण करायचं ठरवलंत तर ते नेमकं परीक्षेच्या आठवड्यात संपेल. पहिल्याच दिवशी स्वयंचलित करून टाका.

---

वारसिया_रिंगरोड

पलासियादादा, खिडकी आणि दाराची गोष्ट मी आमच्या सरांना वाचून दाखवली. आमच्याकडेही पुढच्या वर्षी दुसरी लाइन येणार आहे. आता फाइलमध्ये पहिलं पान म्हणून सगळ्या प्रकाशकांचे संपर्क आणि त्यांना कळवलेले पत्ते असं लिहून ठेवलं.

ac.in या शिक्षणसंस्थांच्या डोमेनची नोंद अर्नेट या सरकारी संस्थेकडे असते. वाइल्डकार्डसाठी आमचे दीड आठवडे नुसते 'पासवर्ड कुणाकडे आहे' हे शोधण्यात गेले, कारण ज्यांनी डोमेन घेतलं होतं ते निवृत्त झालेले. हे पासवर्डही आता त्याच फाइलमध्ये, बंद पाकिटात, प्राचार्यांच्या कपाटात.

---

लष्कर_ग्रंथालय

ग्वाल्हेरहून नमस्कार. तीस वर्षं ग्रंथपाल होतो, आता निवृत्त. आपले प्रश्न वाचले, अनुभवातून उत्तर देतो.

सगळ्यात आधी करारनामा काढा. प्रत्येक करारात 'अधिकृत वापरकर्ता' कोण याची व्याख्या असते. शिक्षक, कर्मचारी आणि नोंदणी असलेले विद्यार्थी तर असतातच. लायब्ररीत येऊन बसणाऱ्या पाहुण्यालाही बहुतेक प्रकाशक मुभा देतात, पण ती लायब्ररीच्या आतल्या पीसीपुरती. माजी विद्यार्थी घरून वापरणार असतील तर बहुधा वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे लागतात. तेव्हा माजी विद्यार्थ्यांना प्रॉक्सीचं खातं देऊ नका, मात्र लायब्ररीत येऊन वाचायला आवर्जून बोलवा. आणि 'बाहेरून वापर' हे शब्द करारात आहेत ना ते पाहा. नसतील तर नूतनीकरणाच्या वेळी लेखी घ्या. मी हे तोंडी विचारून चालवलं होतं. पुढे प्रतिनिधी बदलला आणि नव्या माणसाने ते मान्य केलं नाही. वर्षभर वाद झाला.

खाती बंद करण्याचं म्हणाल तर निकालाच्या दिवशी करू नका. निकाल लागल्यावर मुलं नेट-सेटची तयारी करतात, पीएच.डी.चे प्रस्ताव लिहितात. ऑफिसच्या नोंदीत नाव ज्या दिवशी कमी होतं त्या दिवशी खातं बंद व्हावं, आणि पंधरा दिवस आधी मुलाला मेल जावा. जे लेख हवेत ते तोवर उतरवून घे, असं त्यात स्पष्ट लिहावं. पीएच.डी.च्या मुलांचं वेगळं धरा. प्रबंध सादर केल्यापासून मौखिक परीक्षेपर्यंत ती धड विद्यार्थी नसतात आणि धड बाहेरचीही नसतात. गरज मात्र त्याच काळात असते, परीक्षकांनी दुरुस्त्या सांगितलेल्या असतात. मी प्रत्येकाला मौखिक परीक्षेपर्यंत मुदत देत असे आणि कुणाची हरकत आली नाही.

---

गोत्री_१२

एक शंका. आता सरकारने वन नेशन वन सबस्क्रिप्शन आणलंय ना? मग एवढी खटपट कशाला? सगळं सगळ्यांना मिळणारच आहे.

---

लष्कर_ग्रंथालय

गोत्री, योजना फार मोलाची आहे, मी स्वतः तिची वाट पाहिली. २५ नोव्हेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, १३,०००च्या आसपास जर्नल्स, ६,३००हून अधिक संस्था. पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आहे. खासगी कॉलेजं आज तिच्यात येत नाहीत. शिवाय ती जर्नल्सची योजना आहे. ई-पुस्तकं आणि तुमच्या विषयाचे खास डेटाबेस तुम्हालाच घ्यावे लागतात.

ज्यांना ती मिळते त्यांनाही बाहेरून वापरायला इन्फेडचं लॉगिन लागतंच. म्हणजे 'आमचे कोण' ही यादी ताईंनी चार महिने खपून केली, ती प्रत्येक कॉलेजला करावीच लागणार. ती यादी ज्यांच्याकडे नीट आहे त्यांना उद्या कुठलीही योजना आली तरी आठवड्यात सुरू करता येईल.

---

मांडवी_जुना

मी लायब्ररीतला माणूस नाही, मांडवीत जन्म गेला आणि शाळेत शिकवून निवृत्त झालो. ही चर्चा वाचताना राहवलं नाही म्हणून लिहितो.

ताई, तुमची छोटा उदेपूरची मुलगी वाचून मला आपल्याच गावचा इतिहास आठवला. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सोडल्यावर वाचायला काही नसेल तर शिकलेलं विसरणारच. म्हणून १९१०मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं. बॉर्डन तीन वर्षं इथे होते. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्यांनी उभी केली. तिथले लोखंडी रॅक आणि मजल्यांच्या काचेच्या फरशा मी लहानपणी तासन्‌तास बघत उभा राहायचो, वरचा उजेड खालपर्यंत झिरपायचा. पण माझ्या मते त्यांचं मोठं काम फिरत्या वाचनालयाचं. पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून गावोगाव जायची. गावाने वाचायची आणि पेटी परत, मग दुसरी पेटी. १९१२पासून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिकही इथून निघायचं, त्यात इंग्रजी आणि गुजरातीसोबत मराठी भागही असे.

पेटी पाठवायची तर गावात कुणीतरी जबाबदार माणूस लागायचा, नोंद ठेवणारा. तुमची यादी तेच काम करते आहे. या गावात हे पुन्हा कुणी इतक्या जिवाने करतंय, याचा मला फार आनंद झाला.

---

वारसिया_रिंगरोड

काका, तुमचा प्रतिसाद मी लायब्ररीत मोठ्याने वाचून दाखवला. शिपाईमामांसकट सगळे थांबून ऐकत होते.

आता एक अवघड प्रसंग सांगते, कारण सोय सुरू केलेल्या प्रत्येकावर तो येणार आहे. सुरू होऊन सहा आठवडे झाले असतील. शुक्रवारी रात्री प्रकाशकाचा मेल : तुमच्या पत्त्यावरून मोठ्या प्रमाणावर पद्धतशीर डाउनलोड चालू आहे, प्रवेश थांबवत आहोत. प्रॉक्सीचा पत्ता बंद म्हणजे घरून वाचणारे सगळेच बंद. सोमवारी एम.फार्म.चं सादरीकरण होतं, मुलांचे फोनवर फोन.

लॉग काढला तर एकाच खात्यावरून दोन तासांत एका जर्नलचे मागच्या नऊ वर्षांचे अंक उतरवणं चालू होतं. मुलाला बोलावलं, एकट्यालाच. आधी घाबरून बोलेना. मग म्हणाला, घरी गावात लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही, आलं तेव्हा सगळं उतरवून ठेवावं म्हणून डाउनलोडर लावला. मला त्याच्यावर रागवता आलं नाही. त्याने चोरून विकायला घेतलं नव्हतं, पाणी येईल तेव्हा हंडे भरून ठेवावेत तसं केलं होतं. त्याला करारातली अट समजावली, कुठले लेख खरोखर लागतात त्याची यादी आम्ही दोघांनी बसून केली. नऊ वर्षांतून सतरा लेख निघाले.

प्रकाशकाला मी तेवढंच कळवलं की कारण सापडलं, संबंधिताशी बोलणं झालं, मर्यादा बसवली. नाव दिलं नाही. त्यांनी मागितलंही नाही. मंगळवारी दार उघडलं. मर्यादा अशी लावली आहे : पंधरा मिनिटांत शंभर एमबीच्या वर गेलं की ते एक खातं दोन तास थांबतं, बाकीच्यांना धक्का लागत नाही. हे पहिल्या दिवशीच लावायला हवं होतं.

लॉगबद्दल एक ठरवलं आहे. कोणत्या खात्याने काय उघडलं हे सर्व्हर लिहून ठेवतो, ते असा प्रसंग आला तरच बघायचं आणि तीन महिन्यांनी पुसायचं. एका प्राध्यापकांनी 'माझ्या वर्गातलं कोण वाचतं ते सांगा' म्हणून विचारलं होतं. मी नाही म्हणाले. कुणी काय वाचलं हे रजिस्टर उघडून दाखवण्यासाठी नसतं. किती लेख उघडले याचा एकूण आकडा लागतो, तो प्रकाशकांच्या काउंटर नावाच्या ठरावीक नमुन्यातल्या अहवालात मिळतोच, वर्गणी चालू ठेवायची का ते त्यावरून ठरवता येतं.

---

पलासिया_नेटवर्क

मर्यादेचं अगदी योग्य. अजून एक, प्रकाशक वेबसाइटचं नाव किंवा रचना बदलतात तेव्हा काय होतं ते लक्षात ठेवा. ईझीप्रॉक्सीच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक साइटची चार-पाच ओळींची नोंद असते : शीर्षक, पत्ता, होस्ट, डोमेन. पीडीएफ दुसऱ्याच नावाच्या सर्व्हरवर ठेवली आणि ते नाव आपल्या नोंदीत नसलं की पान छान उघडतं, सारांश दिसतो आणि पीडीएफचं बटण दाबताच पैसे मागतं. मुलं म्हणतात, 'अर्धं चालतं.' 'अर्धं चालतं' ऐकलं की सरळ कॉन्फिगमध्ये बघायचं. ईझीप्रॉक्सी बनवणारी ओसीएलसी ताज्या नोंदी प्रसिद्ध करते, त्या उतरवून घेता येतात.

---

डभोई_एमकॉम

मी बी.कॉम. बडोद्याला केलं, आता एम.कॉम. चालू आहे. डभोईहून रोज ये-जा. लॅपटॉप नाही, सगळं फोनवर. मोबाइलवर पीडीएफ पुन्हा लॉगिन मागते त्याचं मला सापडलंय, सांगते.

ग्रुपवर आलेली लिंक फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या आतच उघडली की ती त्याच अ‍ॅपच्या खिडकीत उघडते. तिथे केलेलं लॉगिन क्रोमला कळत नाही. म्हणून लिंक दाबून धरायची, कॉपी करायची आणि क्रोममध्ये चिकटवायची. आणि पीडीएफ वेगळ्या डाउनलोड अ‍ॅपने उतरवायची नाही. त्या अ‍ॅपला आपलं लॉगिन माहीत नसतं, मग ते पीडीएफच्या जागी लॉगिनचं पानच उतरवतं, आणि फाइल उघडली की 'खराब आहे' म्हणतं. क्रोममध्येच उघडायची आणि तिथूनच सेव्ह करायची. मी हे करायला लागल्यापासून एकदाही अडलं नाही.

---

वारसिया_रिंगरोड

डभोई, तू माझा तिसरा प्रश्न सोडवलास! फाइलचा आकार पाच-सहा केबी दिसायचा आणि आम्ही प्रकाशकाला दोष देत होतो. ते लॉगिनचंच पान होतं तर.

---

प्रतापगंज_वाचक

ज्यांच्या कॉलेजात अजून काहीच सोय नाही त्यांच्यासाठी : जेस्टोर या जर्नल्सच्या साइटवर स्वतःचं फुकट खातं उघडलं की महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. उतरवता येत नाहीत, पण वाचून टिपणं काढता येतात. शोधगंगा या भारतीय पीएच.डी. प्रबंधांच्या साइटवर प्रबंध सगळ्यांना खुले आहेत. कॉलेजची सोय होईपर्यंत माझं बरंच वाचन यावरच झालं.

---

वारसिया_रिंगरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. लष्करकाकांचं ऐकून तिन्ही करार बाहेर काढले. एकात 'बाहेरून वापर' हे शब्द नाहीत, त्या प्रकाशकाला आजच पत्र गेलं. पीएच.डी.च्या खात्यांना मौखिक परीक्षेपर्यंत मुदत द्यायचा प्रस्ताव शनिवारच्या ग्रंथालय समितीत ठेवते आहे.

ती छोटा उदेपूरची मुलगी परवा येऊन गेली. तिचा निबंध झाला. आता धाकट्या भावाला आमच्या कॉलेजात घालायचं म्हणते, तो बारावीत आहे. तिचं खातं जूनपर्यंत चालू आहे, मी तारीख दाखवली.

आता एक मदत हवी आहे. डभोईने सांगितलेलं सगळं घालून गुजराती आणि मराठीत एका पानाची सूचना लिहिली आहे, चित्रांसकट. जुन्या अँड्रॉइड फोनवर ती नीट दिसते का ते कुणी बघून सांगेल का? चार-पाच वर्षांपूर्वीचा, लहान स्क्रीनचा फोन असेल तर उत्तम, आमच्या बहुतेक मुलांकडे तसाच आहे.

---

डभोई_एमकॉम

ताई, माझाच आहे तसला. पाठवा, आज रात्री गाडीत बघते.